शेंगाचटणीचा डबा

आमच्या दुकानात दोन गोष्टी न सांगता साचतात. एक, लग्नपत्रिकांची चुकलेली प्रूफं. दुसरी, किस्से. प्रूफं रद्दीवाला घेऊन जातो, पण किस्से कोण नेणार? ते तसेच पडून राहतात आणि गिऱ्हाईक कमी झालं की आम्ही एकमेकांना तेच ते पुन्हा ऐकवतो. माझी पुण्यातली बहीण म्हणते, "मंगल, तुझं डीटीपीचं दुकान आहे का चावडी?" मी म्हणते, सर्व्हर आहे!

आणि ते खोटं नाही. सोलापूरच्या पूर्व भागात पत्रिका, हँडबिलं टाईप करायचं माझं लहानसं दुकान. त्याच्या मागच्या फळीवर एक मशीन आहे आणि त्या मशिनवर ब्लॉग चालतो. ज्याला लिहायचंय त्यानं यावं, आम्ही जागा देतो. नाव 'शेंगाचटणी'. गाव सोडून गेलेला सोलापूरकर बाकी सगळं विसरेल, पण बॅगेत चटणीची पुडी असतेच, म्हणून ते नाव. लिहिणारे बहुतेक सगळे बाहेरगावचे. म्हणजे इथलेच, पण आता बाहेरगावचे.

*

हे खूळ मल्लूचं. मल्लिनाथ अक्कलकोटकडच्या खेड्यातला, नोकरी बेंगळुरूच्या कंपनीत. सगळे घरून काम करत होते तेव्हाची गोष्ट. गावात रेंज येईना म्हणून माझ्या दुकानात टेबल मागून बसला. मीटिंगला इंग्रजी, अव्वाचा, म्हणजे आईचा, फोन आला की कानडी, आणि माझ्याशी भांडायला मराठी, अशा तीन भाषा एका खुर्चीतून चालायच्या.

एक दिवस म्हणाला, "मावशी, आपण ब्लॉग काढू. कंटेनरमध्ये चालवू."

माझ्या डोळ्यांपुढे आला तो हायवेवरचा मोठा ट्रेलर! मी म्हटलं, "बाबा, आपल्या बोळात रिक्षा वळत नाही."

मग त्यानं समजावलं. "डबा समजा की ओ. ब्लॉग चालवायला जे जे लागतं ते सगळं एका डब्यात. पीठ, मीठ, तवा, काटवट, सगळं. तो डबा उचलून कुठल्याबी मशिनवर ठेवा, भाकरी तशीच होणार. मशिनला काय ठाऊक नसलं तरी चालतंय."

शेजारच्या मोबाईल रिपेरिंगवाल्या शकीलनं सगळं नीट ऐकून घेतलं, मशिनला चारी बाजूंनी प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "हौ मल्लूभाई, सब समझा. ढक्कन किधर है?"

तेव्हापासून आमच्याकडे त्याला कंटेनर कुणीच म्हणत नाही. डबाच.

*

सोलापूरचा उन्हाळा मशिनला मानवत नाही. माणसाला तरी कुठे मानवतो, पण माणूस बंद पडला तर ब्लॉग बंद पडत नाही! पहिल्याच एप्रिलमध्ये मशीन तापून गुरगुरायला लागलं. शकीलनं माझा कूलर उचलून फळीसमोर लावला. मशिनला गार वारा, मला कूलरची पाठ.

पत्रिका छापायला आलेला एक नवरदेवाचा बाप घाम पुसत बराच वेळ ते बघत होता. शेवटी म्हणाला, "बाई, मलाबी ब्लॉग करा. न्हाय, लिवायचं काय न्हाय. तितं ठिवा नुसतं."

*

आता अंबादासकाकांची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढचं सगळं त्यांच्याभोवती फिरतं.

काका समोरच्या बोळात राहतात. हयात मागावर गेली, चादरी विणण्यात. घरात तेलुगू, बाहेर मराठी. काकू वारल्या. त्याच्याही आधी पद्मा घर सोडून गेली. पद्मा म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. तिनं आपल्या मनानं जातीबाहेर लग्न केलं आणि दोघं सुरतेला निघाले. पाया पडायला आली तेव्हा काका म्हणाले, "या उंबऱ्यात पुन्ना पाय ठिवायचा न्हाय." पोरगी बापावर गेलेली. तिनं खरंच ठेवला नाही.

काका रोज दुपारी पेपर वाचायला माझ्याकडे यायचे. सगळे लिहितायत म्हटल्यावर एक दिवस त्यांनीही स्टूल पुढे ओढलं. "मंगलबाई, माझं बी एक लिवा की." हातात बटणांचा फोन, टायपिंग येत नाही, म्हणून ते सांगणार आणि मी टाईप करणार.

त्यांनी सांगितली पद्माच्या चादरीची गोष्ट. ती लहान असताना घरच्या मागावर त्यांनी उरल्यासुरल्या सुतातून तिच्यापुरती चादर विणली होती. सुताच्या कांड्या भरायला पद्माच बसली होती आणि हाताला येईल तो रंग देत गेली. त्यामुळं एक पट्टा लाल तर दुसरा पोपटी, कशाचा कशाला मेळ नाही. बाजारात कुणी फुकट घेतली नसती. पद्मा त्या चादरीशिवाय झोपायची नाही. जाताना मात्र ती चादर पेटीतच राहिली.

एवढं सांगून काका थांबले. मी म्हटलं, "पुढं?"

"पुढं काय. पेटीत हाय अजून. लिंबाचा पाला घालून ठिवलीय."

मी स्क्रीनकडे बघत टाईप करत राहिले. त्यांच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.

*

त्याच वर्षी आली खंडेनवमी. आमच्या भागात त्या दिवशी माग बंद, अवजारं बंद. सगळं पुसायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची, मशिनला एक दिवस विश्रांती. मी माझा कॉम्प्युटर बंद केला, प्रिंटर बंद केला, माळा घातल्या. मल्लू अव्वाकडे गेला होता.

काकांनी मागच्या फळीकडे बोट दाखवलं. "ह्ये का चालू?"

शकील म्हणाला, "वो सर्व्हर है काका. बंद नै करते."

काका भडकले. "वरीसभर राबतंय त्ये! त्याला जीव न्हाय व्हय?"

मला पटलं, अगदी मनापासून पटलं. मीच बटण दाबलं. काकांनी ओल्या फडक्यानं मशीन पुसलं, नारळ फोडला. आम्ही पेढे खाल्ले.

दसऱ्याला बटण चालू केलं तर ब्लॉग कोरा! एक लेख नाही, एक फोटो नाही. मल्लूला फोन लावला. त्यानं कपाळावर मारलेला हात मला इकडे ऐकू आला. मग म्हणाला, "मावशी, प्रयोगाचा डबा होता ओ. बंद झाला की पुसला जाईल असाच चालवला होता. मला काय माहीत, सर्व्हरची पूजा करतील म्हणून!"

माझ्याकडे टाईप केलेल्या फायली होत्या म्हणून वाचलो. नंतर मल्लूनं डबा बंद झाला तरी पुसला जाणार नाही असं केलं, आणि लेख ठेवायला डब्याच्या बाहेर वेगळी जागा केली. फडताळ म्हणा. डबा फुटो, बदलो, फडताळातलं तिथंच राहणार. परत सगळं चढवायला घेतलं तेव्हा काका पहिल्या नंबरला उभे. पद्माची चादर 'शेंगाचटणी'चा लेख नंबर एक झाली.

मशीन मात्र तेव्हापासून दर खंडेनवमीला बंद राहतं. मल्लू हात जोडतो, पण काका ऐकत नाहीत.

*

जर्मनीतल्या एका नर्सनं मेसेज टाकला. माहेर साखर पेठेतलं. "मला रात्री झोप लागत नाही. शेजारच्या मागाचा आवाज रेकॉर्ड करून टाकाल का?"

वाटलं, किरकोळ काम. पण शकील मोबाईल घेऊन निघाला आणि बोळामागून बोळ फिरला. हा कारखाना बंद, तिथं गोडाऊन झालेलं, तिथं पार्किंग. शेवटी एका ठिकाणी जुना माग चालू सापडला. खटक खटक रेकॉर्ड करून आणलं. मधेच वीज गेली होती, तेवढा तुकडा मी नीट कापून टाकला. आपलं काम कसं, स्वच्छ!

दुसऱ्या दिवशी भांडण. नर्स, तिचे भाऊबंद, सुरतेचे, भिवंडीचे, कोण कोण. सगळ्यांचं एकच म्हणणं, "वीज गेलेली काढली का तुम्ही? ती घाला परत!"

मला काही कळेना. काकांनी सांगितलं, "मागाच्या घरातली पोरं आवाजात झोपत्यात. माग थांबला की उठून बसत्यात. पद्मा बी उठायची. मग मी म्हणायचो, झोप गं, लाईट गेलीया, येईल. अन् लाईट यायची."

मी तो तुकडा परत जोडला. आजही कधी ऐकते. खटक खटक चालू असतं, एकदम शांत होतं, आणि परत चालू होतं. त्या शांततेत मला माझं स्वतःचं माहेर आठवतं, आणि माझ्या माहेरी तर मागसुद्धा नव्हता!

*

सगळ्यांना कंपनीत परत बोलावलं तेव्हा मल्लूही गेला. जाताना त्याची खुर्ची मी हलवली नाही. गिऱ्हाईक तिच्यावर बसायला लागलं की मी म्हणते, "पाय मोडलाय तिचा, इकडे बसा." खुर्ची ठणठणीत आहे.

तो गेला आणि डबा मधेच गपकन बंद पडायला लागला. आम्हाला पत्ताच नसायचा. लोकांचे फोन यायचे, "काय हो, चटणी संपली का?" मग मल्लूनं तिकडून एक सोय केली. मशीनच घडीघडीला ब्लॉगचं एक पान उघडून बघणार, "बरा आहेस ना?" उत्तर आलं तर ठीक, नाही आलं तर डबा आपोआप पुन्हा चालू. दिवसभर, रात्रभर, न थकता विचारत राहायचं.

शकील म्हणाला, "मेरी अम्मा भी इत्ता नै पूछती!"

मल्लू फोनवर हसला. मग म्हणाला, "माझी विचारते."

*

आणि इथून काकांचे दिवस फिरले.

प्रत्येक लेखाखाली तो किती वेळा उघडला गेला याचा आकडा दिसतो. काकांचा लेख सुरुवातीला चार-दोन जणांनी वाचला होता, त्यातले आम्हीच तिघं. आता आकडा एकदम शेकड्यानं वाढायला लागला. टेंभुर्णीच्या एका रिटायर कंडक्टरचे इतके गाजलेले लेख, तेही मागे पडले.

काका रोज येऊन विचारायचे, "किती झाले?" मी सांगायची. ते मान हलवायचे आणि एक दिवस हळूच म्हणाले, "त्यात ती बी आसंल की."

"असेल की काका. पूर्व भागातल्या सगळ्या ग्रुपवर फिरतंय हे. तिच्या मैत्रिणी आहेत त्यात."

मग त्यांनी नवीन लेख लिहायचं सोडलंच. त्याच लेखाच्या शेवटी एक-एक ओळ जोडायला लागले. चादर काल उन्हात टाकली. पोपटी रंग टिकलाय, लाल जरा उतरला. मांजर येऊन बसलं होतं, हाकललं. चादर पेटीत परत ठेवली. लेख कसला, दाराशी उभं राहून केलेली बडबड ती.

मी एकदा म्हटलं, "काका, सरळ लिहा की, ये म्हणून."

ते दचकले. स्क्रीनवरच्या त्या आकड्याकडे त्यांनी बोट दाखवलं. "एवढ्या मान्सांत? गड्ड्याच्या यात्रेत उभं राहून घरातलं बोलतंय का कोण? तिला बी लाज वाटंल."

मला संशय आला तो पुढं. एवढे वाचक आणि प्रतिक्रिया एकही नाही? आपली माणसं वाचून गप्प बसणारी नव्हेत! चटणी कुटायची की वाटायची यावर इथं महिनाभर हाणामारी झालेली. मी मल्लूला विचारलं.

"अय्यो," मल्लू म्हणाला. "मावशी, ते मशीन हाय ओ. तपासायला एक पान द्यावं लागतं. मी लेख नंबर एक दिला. तो कधी कोण डिलीट करणार न्हाय म्हणून."

म्हणजे पद्माची चादर रात्रंदिवस वाचत होतं ते आमचंच मशीन. आमच्याच फळीवरून.

शकील म्हणाला, "काका को नक्को बोलो आपा." मीही बोलले नाही. कसं बोलणार? त्या आकड्यावर माणूस दाढी करून, धुतलेला सदरा घालून यायला लागला होता. माझ्या जिभेवर यायचं आणि मी चहा सांगायची. काका बिचारे रोज दोन-दोन चहा प्यायला लागले.

*

यंदाच्या खंडेनवमीच्या आधी मल्लूचा फोन आला. "मावशी, तुम्ही मशीन बंद करणारच, तर दसऱ्याला नवा डबा बसवू. जुना लई जुना झाला. कोणबी आत घुसेल, सगळ्यांचे लेख खराब करेल."

"बसव की मग."

"पण नव्यात तपासायचं पान वेगळं असतंय. काकांचं पान उघडणार न्हाय आता ते."

मी हातातलं काम बाजूला सारलं. म्हटलं, "निदान झालेला आकडा तरी राहील ना?"

"लेख फडताळात हायत, ते राहतील. पण मोजणी डब्यातच ऱ्हायली होती ओ. तिकडं कुणाचं लक्षच गेलं न्हाय. डब्याबरोबर जाईल."

मी खूप भांडले त्याच्याशी. काकांपुरता जुना ठेव, म्हटलं. आकडा हातानं घाल, म्हटलं. तो म्हणाला, घालतो, सांगा किती घालू? खोटा आकडा आपल्या तोंडानं सांगायचा म्हणजे फारच झालं. एका माणसाच्या आशेपायी इतक्या लोकांचं लिहिलेलं पणाला लावायचं, तेही होईना. शेवटी म्हटलं, बसव बाबा.

खंडेनवमीला काकांनी नेहमीसारखं मशीन पुसलं, माळ घातली, नारळ फोडला. फळीला हात लावून नमस्कार केला. त्यांना काय ठाऊक, कुणाला करतायत!

दसऱ्याला पहाटेच शकीलनं मशिनचं बटण दाबलं आणि मल्लूनं तिकडून नवा डबा चालू केला. काका आले ते नवा सदरा घालून. मला आपट्याचं पान दिलं, शकीलला दिलं. मल्लूच्या खुर्चीवर एक ठेवलं. मग स्टूल ओढून बसले. "बघा की मंगलबाई. किती झाले?"

मी पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली. "काका, आज नवा डबा बसवलाय. जुने आकडे गेले सगळे. सगळ्यांचेच गेले, तुमचे एकट्याचे नाहीत. आज शून्य दिसेल, पण मनाला लावून घेऊ नका."

आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.

कंडक्टरच्या लेखाखाली शून्य होतं. नर्सच्या आवाजाखाली शून्य. चटणीच्या भांडणाखालीसुद्धा शून्य. काकांच्या लेखाखाली एक.

मी शकीलकडे पाहिलं. तो म्हणाला, "मैं नै, आपा. माँ की कसम." मी तर सकाळपासून तो लेख उघडलाही नव्हता, नुसती यादी उघडली होती. फोन चालू होता, त्यातून मल्लू म्हणाला, "मी बी न्हाय, मावशी. मशीन बी न्हाय. कुठनं उघडलंय ते बघू का? दिसतंय मला."

"नको," मी म्हटलं. "बघू नकोस."

काका त्या आकड्याकडे बघत बसले होते. त्यांना वाईट वाटलं असेल म्हणून मी चहा सांगायला उठले, तर त्यांनी हातानं खुणावून मला खाली बसवलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "बाकीची गेली सगळी. आता एकटीच हाय. लिवा."

मी कीबोर्ड पुढे घेतला.

"पद्मा," काका म्हणाले, "चादर आता तुला पुरायची न्हाय. तरीबी ये."